ट्रामने येऊ नकोस

दर एप्रिलमध्ये डोळे तपासायला मी कुहमोहून हेलसिंकीला येते. माझा मुलगा यार्मो तिथेच राहतो, पण गेली दोन वर्षं तो मला गेस्ट हाउसमध्ये उतरवतो. त्याच्या इमारतीतले पाण्याचे पाइप बदलायचं काम चाललंय म्हणे. आमच्याकडे हे काम लांबतंच, म्हणून मी चकार शब्द काढला नाही.

दवाखान्यात मेट्रोने जायचा-यायचा रस्ता मात्र तो मला कागदावर लिहून देतो. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठल्या जिन्याने चढायचं, सगळं. खाली ठळक अक्षरांत: ‘ट्रामने येऊ नकोस. चुकशील.’ गावात बायकांना मी तो कागद दाखवायचे. मुलगा असावा तर असा, त्या म्हणायच्या आणि मी फुगायचे.

या वेळी डॉक्टरीण म्हणाली, "डोळे उत्तम आहेत, आजी. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही." बाहेर लख्ख ऊन होतं. एवढ्या लांब हिवाळ्यानंतर असं ऊन सोडून मेट्रोच्या बोगद्यात कोण शिरेल? सत्तरी ओलांडली म्हणून मी काही दूधखुळी नाही. दिवसभराचं तिकीट होतंच. नऊ नंबरची ट्राम आली, तिच्यात चढले आणि मधल्या दाराजवळ बसले.

तिसऱ्या थांब्यावर त्या दारातून एक बाबागाडी चढली. ढकलणाऱ्याची पाठ माझ्याकडे होती. मागोमाग तिकीट तपासायला एक बाई आली. सगळ्यांनी तिकिटं पुढे केली, त्याला मात्र तिने विचारलंच नाही. बाबागाडी ढकलणाऱ्याला इथे तिकीट लागत नाही.

"मोठी झाली की हो पोर," ती ओळखीचं हसून म्हणाली.

"मार्चमध्ये दोन पूर्ण झाली."

आवाज यार्मोचा होता.

"पाइप बदलून झाले का रे?" मी विचारलं.

तो वळला. "आई, तू ट्राममध्ये कशी?"

"चुकले."

"मी सांगणारच होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण पाउला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तू तिला तोंडावर ‘नवऱ्याने टाकलेली बाई’ म्हणालीस. ती म्हणाली, तुझी आई घरात नको."

म्हणाले होते खरी, एकदाच. त्यानंतर महिनाभर झोप नव्हती मला. तिची माफी मागणारं पत्र लिहून मी यार्मोच्याच हाती दिलं होतं.

"माझं पत्र दिलंस तिला?"

तो बाबागाडीचा पट्टा उगाच आवळत राहिला. माझ्या पोटच्या पोराने मला फसवलं होतं, तेही सुवाच्य अक्षरांत.

पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, ही कोण?"

यार्मोने खिडकीबाहेर पाहिलं.

"आई, पुढच्या थांब्यावर पाउला चढते. तू इथेच उतर. इथून मेट्रो सरळ जाते."

पोर अजून त्याच्याकडेच बघत होती.