हिरव्या टेपची स्टिक

शाळेतल्या खेळाच्या पेल्चुक सरांनी माझ्याबद्दल चिठ्ठी लिहिली आहे: ‘सिग्नीने चौथीच्या मुलांना हॉकी तर शिकवलीच, पण त्याहून मोठं म्हणजे न्याय शिकवला.’ आईने ती फ्रिजवर लावून ठेवलीये. दूध काढायला गेलं की वाचायलाच लागते.

मी स्वतः चौथीत असताना शाळेच्या त्याच जिममध्ये दोन कप्तान उभे राहायचे आणि एकेकाला निवडायचे. मी शेवटी उरायचे. “थॉरलॅक्सनला तुम्ही घ्या, आम्ही मागच्या वेळी घेतली होती!” असं माझं आडनाव घेऊन माझ्यासमोरच ओरडायचे, जसं काही मी ओला मोजा आहे. आता मी दहावीत आहे, मुलींच्या आइस हॉकीच्या संघात बचावाला खेळते, आणि माझा आवाज बर्फाच्या रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. म्हणून सरांनी दर गुरुवारी चौथीला शिकवशील का विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, “माझ्या तासाला कप्तान बंद! गोठलेल्या तळ्यावर खेळताना करतो तसं करायचं.”

म्हणजे सगळ्यांनी आपापली स्टिक मधोमध टाकायची. एकाने डोळे मिटून ढिगाशी बसायचं, हाताला येईल ती स्टिक एक डावीकडे, एक उजवीकडे भिरकावायची. ज्या बाजूला तुझी स्टिक, तो तुझा संघ. शाळेच्या प्लास्टिकच्या स्टिक्स सगळ्या सारख्याच, म्हणून प्रत्येकाने दांड्याला आपापल्या रंगाची टेप गुंडाळली.

हिरवी टेप ओडेट डेझार्लेची. एवढीशी पोर, पण जिद्द केवढी! पहिल्या गुरुवारी ती स्टिक झाडूसारखी धरून नारिंगी चेंडूला बदडत होती.

“अगं, झाडतेयस काय? सूप ढवळतात तसं, हळू. इकडून तिकडे. आणि खाली नाही, समोर बघ!”

“समोर बघितलं की चेंडू पळतो, मिस.”

“पळू दे. पुन्हा आण.”

तिने पुन्हा आणला. शंभर वेळा आणला. सहाव्या गुरुवारी ती शंकूंच्या रांगेतून मान वर ठेवून चेंडू नेत होती, आणि मी बाकावर उभी राहून किंचाळत होते. पण नशीब असं, की सातही गुरुवारी तिचा संघ हरला. सातही! डोळे खरंच मिटलेले असायचे माझे, शप्पथ. ढीगच तिच्या वाईटावर होता.

“माझी स्टिकच पनवती आहे,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? स्टिकला काय कळतं?”

“पुढच्या गुरुवारी बाबा येणारेत बघायला. खाणीवरून. दुपारी सामना बघून लगेच विमानाने परत जाणार. मला एकदाच जिंकायचंय, मिस. एकदाच, ते बघत असताना.”

ते वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यात फिरत होतं.

आठव्या गुरुवारी पालक भिंतीला टेकून बसले होते, बूट दाराशी, पायांत नुसते मोजे. ओडेटचे बाबा त्यांच्या मधोमध, मांडीवर टोपी. मुलांनी स्टिक्स टाकल्या. मी ढिगाशी बसले, डोळे मिटले, आणि मग एक डोळा किलकिला केला.

एवढंच. पापण्यांतून जेमतेम रंग दिसतील इतकाच.

डाव्या बाजूला जुळ्यांच्या पिवळ्या स्टिक्स टाकल्या. दोघं वर्गातले सर्वांत दांडगे. त्यांच्यावर हिरवी. सगळे चांगले एकीकडे गेले तर कुणाला तरी शंका येईल, म्हणून मार्लोची लाल उजवीकडे टाकली. मार्लो म्हणजे गोलांची मशीन, सातपैकी सहा वेळा जिंकलेली. काय हुशार मी!

“पळा!”

सगळे पळाले. ओडेट उजवीकडे पळाली.

“ओडेट! तुझी तिकडे आहे, हिरवी!”

“आता ती मार्लोची आहे!” लाल स्टिक उंचावून ती हसली. “आम्ही टाकायच्या आधी अदलाबदल केली. ही जिंकते!”

हिरवी स्टिक उचलून मार्लो जुळ्यांच्या मध्ये उभी होती.

मला म्हणता आलं असतं, पुन्हा टाकू. सरांनी विचारलं असतं, का? मग मी सगळ्यांसमोर काय सांगणार होते? त्यांनी शिट्टी वाजवली. मी वाजवू दिली.

नऊ–शून्य. मार्लोने हिरव्या स्टिकने पाच गोल केले. मध्येच ओडेटने मान वर ठेवून असा सुरेख पास दिला की मीसुद्धा दिला नसता. पण तो घ्यायला तिच्या बाजूचं कुणी जागेवर नव्हतं. तिचे बाबा एकटेच टाळ्या वाजवत राहिले, जरा जास्तच वेळ.

“मस्त खेळलीस गं बाळा,” ते म्हणाले, घड्याळाकडे बघत. बूट चढवले, तिच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि गेले.

मी तिच्याजवळ गेले. ती लाल टेपवर नख घासत होती.

“वाईट नको वाटून घेऊ,” मी म्हटलं. “आज वाटणीच...”

“नाही, मिस. वाटणी तर तू डोळे मिटून करतेस.” ती शांतपणे म्हणाली. “मला वाटायचं हिरवी स्टिक वाईट आहे. पण हिरवी जिंकली. म्हणजे स्टिकचं काही नव्हतं. माझंच होतं.”

माझा रिंकच्या टोकापर्यंत जाणारा आवाज! तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सर हात पुढे करून आले, “शाब्बास, सिग्नी! पालक काय खूश आहेत!” आणि मी हात मिळवला.

काल काही शंकू परत द्यायला जिममध्ये गेले. मधल्या सुट्टीतला सामना चालू होता. ओडेट बाकावर बसून गुणफलकाचे आकडे उलटत होती.

“खेळत नाहीस?”

“मला हे बरं जमतं,” ती म्हणाली, आणि मार्लोचा गोल झाला म्हणून पान उलटलं.