भिंतीपलीकडची सेकेला

तुकुयू गावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, म्हणजे रोज घसा फोडून घेते. पोरं सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकतात आणि पुढच्या वर्षी एकदम सगळं इंग्रजीत. आगीतून फुफाट्यात! शेवटी वैतागून मी मोबाइलवरचा शब्दखेळ आणला. चित्र दिसलं की शब्द लिहायचा, बरोबर आला की आपलं नाव भिंतीवरच्या पडद्यावर वर चढतं. फोन मोजकेच, पोरं ढीगभर. नेटवर्क आलं तर देव पावला म्हणायचं.

त्यात सेकेला कायम पहिली. बाळंतपणासाठी शाळा सुटलेली, आता पाठीवर लेकाला, ग्वाकिसाला, बांधून परत आलेली. तिच्या सासऱ्यांनी, म्हाताऱ्या अंबाकिसेंनी, निरोप धाडला, "मी स्वतः येऊन बघणार. खरंच शिकत असेल तर ठीक, नाहीतर केळीच्या बागेत हात कमी पडतायत."

"मग सोपं आहे," मी तिला म्हटलं. "पुढच्या बाकावर बस आणि खेळून दाखव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, मामंजींच्या समोर? एका छपराखाली?"

अरे देवा! जुन्या वळणाच्या घरांत सून सासऱ्याच्या नजरेस पडत नाही. वाटेत दिसले तर झुडपात शिरते. माझ्या घरातून ते कधीच गेलं, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी दमले होते की वाटलं, मरू दे, केळी तर केळी. मग तिचा चेहरा पाहिला आणि माझाच मला राग आला.

"फोन घे आणि भिंतीमागे जा," मी म्हटलं. "खेळाला कुठं तोंड दाखवावं लागतं?"

"आणि हा? हा फोन ओढतो."

"दे इकडे." मी ग्वाकिसाला माझ्या पाठीशी बांधलं. एवढंच राहिलं होतं.

म्हातारबाबा आले. वर्गाने एका सुरात "शिकामू" म्हणत नमस्कार केला, ते काठी गुडघ्यांत धरून बसले. खेळ सुरू झाला. सेकेलाचं नाव चढत चढत दुसरं आलं आणि तिथंच अडकलं. नेटवर्क! माझा जीव टांगणीला. पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. मग नावाने एकदम उडी मारली, सगळ्यांच्या वर.

"हे तिचं नाव, बाबा. ती भिंतीमागे आहे, तुमचा मान राखून."

"भिंतीमागे कुणीही बसेल," म्हातारबाबा म्हणाले. "तीच आहे कशावरून?"

तेवढ्यात पाठीवरच्या लबाडाने माझा कान ओढला. बाबांनी मान वर केली, नीट निरखून पाहिलं.

"हा तर आमचा ग्वाकिसा!"

"हो. आई खेळतेय ना, म्हणून माझ्याकडे."

मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते नातवाला म्हणाले, "ग्वाकिसा, तुझ्या आईला सांग, केळीचं मी बघतो. तिला म्हणावं, शाळा सोडू नकोस."

भिंतीमागून आवाज आला नाही. येणारच नव्हता. पडद्यावर मात्र सेकेलाच्या नावापुढे एक चूक पडली, मग दुसरी, मग तिसरी. कुत्रा, घर, पाणी, असले सोपे शब्द ती आजवर कधी चुकली नव्हती. तिचं नाव घसरत खाली चाललं होतं.

"आता काय झालं हिला?" बाबांनी विचारलं.

"नेटवर्क, बाबा," मी म्हटलं आणि डोळे पुसले.