समासातली पेन्सिल

ओळखलंत का मला? पाठीला चिकटपट्टी, कोपरे दुमडलेले, मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत टीव्हीशेजारच्या फळीवर बसलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश, तो मीच. आधीच सांगून टाकतो, मी फार जळका आहे. वय झालं, पण खोड काही गेली नाही.

छापखान्यातून निघालो तो थेट करमाडच्या शाळेत आलो. सातवीत इंग्रजीत पहिली आली म्हणून अनंतराव गुरुजींनी मला अनसूयेच्या हातात दिलं. तिची शाळा तिथंच थांबली, मी मात्र तिच्याजवळच राहिलो. लग्नात तिनं मला रुखवतात लाडू-करंज्यांच्या मधोमध मांडलं. एक बाई म्हणाल्या, "अगं बया, हे काय खायचं हाय का?" सगळ्या हसल्या. मी आपला ताठ बसून राहिलो.

पुढं तेजल झाली, इंग्रजी शाळेत जायला लागली. संध्याकाळी ती शब्द विचारायची आणि अनसूया पिठाचे हात पदराला पुसून मला उघडायची. दोघींची डोकी माझ्यावर एकत्र यायची. तेवढ्यासाठी मी दिवसभर वाट बघायचो.

एक मात्र मला खुपायचं. अनसूया माझ्या समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहायची. जिन्यात बसलेल्या पोरींच्या तोंडून ऐकलेलं, टीव्हीत ऐकलेलं. माझ्यात एवढे अर्थ असताना ह्या उपऱ्यांना जागा कशाला? मी आतल्या आत धुमसायचो.

मग घरात मोबाइल आला. तेजलनं नुसतं विचारायचा अवकाश, हा लागलाच बोलायला. माझ्यासारखं पानं उलटणं नाही, बोट फिरवणं नाही. दोघींची डोकी माझ्यावर यायची बंद झाली. अनसूया मधेच म्हणायची, "जेवली का? डोळे दुखतील ना. सर काय म्हणले?" तेजल मान वर न करता म्हणायची, "चिल, मम्मी."

एकदा अनसूयेनं माझ्यात तो शब्द काढला. मी दिला अर्थ: गारठा, हुडहुडी भरणे. तिनं तो दोनदा वाचला, शेजारी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि मला मिटवलं.

घट बसायच्या आधी घर धुऊन काढलं, तेव्हा तिचा नवरा बद्रीनाथ म्हणाला, "याला आता कोन विचारतं? दसरा झाला की रद्दीत दे."

"आधी खंडेनवमी तर होऊ द्या," अनसूया म्हणाली. नाही म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

खंडेनवमीला पाटावर वह्या-पुस्तकं मांडली, बद्रीनाथची कामाची हत्यारं, पाने-स्क्रूड्रायव्हर मांडले. आणि सगळ्यांत वर, माझ्या छातीवर, मोबाइल! अनसूयेनं सगळ्यांवर सारखंच पाणी शिंपडलं, सगळ्यांना सारखीच बोटं भरून हळद-कुंकू लावलं. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात कुंकवाचा चिखल झाला. दुपारपर्यंत तो गपगार. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तेजलनं मात्र आकांत मांडला. "मम्मी, माझा प्रोजेक्ट त्याच्यात होता! टीचरनी मला 'चिल' शब्द दिलाय. डिक्शनरीतला अर्थ आणि बोलण्यातला अर्थ, दोन्ही पायजेत. परवा द्यायचंय!" तिनं माझ्याकडं हात नेला.

"हात नको लावू! पूजेतलं पुस्तक उद्या उठवल्याबिगर उघडायचं नाय."

"मोबाइल पण तूच घालवला आणि हे पण नाही! तुला काय कळतं गं शाळेतलं? सातवी तर झालीस."

अनसूया पाटाजवळ बसून राहिली, समईत तेल असतानाही तेल घालत. त्या एका दिवसापुरता मी मोबाइलचा हेवा विसरलो.

दसऱ्याला तिनं मला कपाळाला लावून उठवलं आणि तेजलपुढं ठेवलं. पोरीनं फुगलेल्या तोंडानं पान काढलं. "गारठा. हुडहुडी भरणे." मग तिचं बोट समासाकडं सरकलं. तिथं फिकट पेन्सिलीत लिहिलं होतं:

'तेजल मला दिवसातून दहादा म्हणते. म्हणजे काळजी करू नको. पण काळजी लागतेच.'

तेजलनं पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. "मम्मी, हे सगळं तू लिहिलं?"

"व्हय. तू बोलती ते समजावं म्हणून."

"हे बघ, 'कूल'चं चुकलंय तुझं."

"मग सांग की नीट."

पेन्सिल शोधायला अर्धा तास गेला. मग दोघींची डोकी माझ्यावर आली, अगदी पहिल्यासारखी. बद्रीनाथनं लांबूनच बघितलं. रद्दीचं नाव पुन्हा काढलं नाही.

ज्या पेन्सिलीवर मी इतकी वर्षं जळलो, तिनंच मला राखलं. आता मोबाइल दुरुस्त होऊन परत आलाय, तेजलच्याच हातात असतो, आणि मी अजून जळतो. त्याच्या पोटात साऱ्या जगाचे अर्थ असतील, पण अनसूयेचं अक्षर नाही. हे मी त्याला रोज मनातल्या मनात ऐकवतो.

तुमच्या फळीवर माझ्यासारखा कुणी असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्याचे समास तेवढे बघा. आणि पुढच्या खंडेनवमीला त्या मोबाइलला माझ्यावर ठेवू नका. ठेवलाच, तर कुंकू जरा सढळ हातानं लावा.