पंचेचाळीस वर्षांचे सोमवार

सोमवारी मला कोणी जेवायला बोलावत नाही. गोंदियात आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की मनकर्णाबाईंचा सोमवार असतो, आणि तो काही साधासुधा नसतो. लग्नात नाही सुटला, बाळंतपणात नाही सुटला, टायफॉइड झाला तेव्हाही डॉक्टरांशी भांडून धरला. शेजारणी कौतुक करायच्या की मी मान खाली घालायची, आणि त्यांना तो माझा विनय वाटायचा. विनय कसला, लाज होती ती.

मागच्या माघात भिलाईहून परागचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. त्यानं वैशाली नगरात घर बांधलं होतं आणि कोहक्याचं जुनं घर आता सोडायचं होतं.

"ताई, बाबा म्हणून राहिले का देव हलवाच्या आधी मनूले बोलवा. दोनदा सांगतलं त्यायनं. आता तू ये बाप्पा, नाही तर तिसऱ्यांदा मले शिव्या पडतीन."

बाबा म्हणजे कृष्णराव. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी रविवारी पोचले तेव्हा अर्धं घर खोक्यांत गेलं होतं, फक्त देवघर जागेवर होतं. तोच आईचा लाकडी देव्हारा, तीच समई, तेच पितळी ताम्हण. आणि मधोमध तो काळसर गोल दगड, आमचा महादेव. मी लांबूनच हात जोडले. मी त्याला नेहमी लांबूनच हात जोडते.

तो दगड पाहिला की मला सेक्टर सातमधलं माझ्या लहानपणीचं आमचं क्वार्टर आठवतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, अंगणात पेरूचं झाड. बाबा प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कच्च्या लोखंडाच्या दगडाचं काम करायचे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतून मालगाड्या भरून यायच्या, तो माल उतरवायचा, चाळायचा आणि पट्ट्यावरून भट्टीकडे सोडायचा. पाळीचा भोंगा झाला की थोड्या वेळानं सायकलची घंटी वाजायची आणि बाबा यायचे ते नखशिखान्त तांबडे होऊन. आई शर्ट अंगणातच झटकायला लावायची. आमचे टॉवेल तांबूस, उशांचे अभ्रे तांबूस, पेरूची पानंसुद्धा तांबूस. तेव्हा मी त्या धुळीला नाकं मुरडायची, आणि आता गोंदियाच्या चकचकीत फरशीवर बसून तिचीच आठवण काढते. किती सुखाचे दिवस होते ते! निदान अकराव्या वर्षापर्यंत तरी.

आई महिन्याचे चार दिवस बाजूला बसली आणि बाबा पहाटेच्या पाळीला असले की देवांची आंघोळ माझ्याकडे असायची. एकदा मी शाळेच्या घाईत सगळे देव ताम्हणात घेतले आणि थेट मागच्या नळावर नेले. महादेव हातातून सुटला, मोरीच्या तोंडाशी गेला आणि मागच्या मोठ्या नालीत पडला. आजोबांनी वैनगंगेतून काढलेला तो गोटा बाबांनी गाव सोडताना धोतरात बांधून आणला होता. मी कोपरापर्यंत हात घालून शोधलं. हाताला चिखल लागला, फुटक्या बांगड्या लागल्या, देव काही लागला नाही.

मग मी जे केलं ते फक्त भिलाईचंच पोर करू शकतं. धावत रुळांकडे गेले. मालगाडीतून सांडलेले दगड तिथं नेहमीच पडलेले असायचे. त्यातला एक काळा, गोल बघून उचलला, फ्रॉकला पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवून दिला. वर बेलाचं पान ठेवलं. शाळेत त्या दिवशी मला एक अक्षर कळलं नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त चार दिवसांनी आई म्हणाली, "अवो, तीर्थ लाल कावून येऊन राहिलं?" बाबा म्हणाले, "ताम्हण घासलं नसन नीट." मी सुटकेचा श्वास टाकला.

त्याच महिन्यात बाबा सुपेल्याच्या चौकात सायकलवरून पडले. पाय दोन ठिकाणी मोडला. तीन महिने प्लास्टर, आणि नंतर कायमचं लंगडणं. मला शंकाच नव्हती. खऱ्या देवाला मी नालीत टाकलं, खोट्याला पूजेला बसवलं, आणि महादेवानं माझ्या बापाचा पाय मोडून हिशेब चुकता केला. पुढची पाळी आईची की माझी, एवढंच मला ठाऊक नव्हतं. मी सोमवार धरला. देवाला म्हटलं, आता कुणाला हात लावू नको, मी उपाशी राहते. आणि पुढे बरीच वर्षं खरंच काही वाईट झालं नाही, त्यामुळे सोडायची हिंमतही झाली नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी आम्हा सगळ्यांना देवघरापुढे बसवलं. पराग, त्याची बायको भूमिका, त्यांची रोशनी. स्वतः खुर्चीवर बसून त्यांनी देवांची आंघोळ घातली. रोशनी नववीत आहे, गप्प बसणं तिला माहीत नाही.

"आबा, मेरी क्लास में एक लडकी बोली, तुम लोग पत्थर को भगवान मानते हो. मी काय सांगू तिले?"

"सांग, ये म्हणा पाहाले," बाबा म्हणाले आणि महादेव पुसून त्यांनी माझ्यापुढे धरला. "मनू, बाकीचे देव परागच्या घरी. हा तुले. पंचेचाळीस वर्ष सोमवार धरले पोरीनं. याच्यावर तुहाच हक्क आहे."

भूमिकेनं मला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि मला रडूच फुटलं. छप्पन वर्षांची बाई, हमसून हमसून रडत होते. म्हटलं, बाबा, मला नका देऊ. हा तो नाहीच. आणि नाली, रूळ, सुपेल्याचा चौक, सगळं ओकून टाकलं. पराग आ वासून बघत होता. बाबांनी दगड तसाच माझ्यापुढे धरून ठेवला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अवो, तवापर्यंत अठरा वर्ष प्लांटात हाच दगड उचलला म्या. माह्या हाताले वजन नाही समजन? पहिल्याच दिवशी समजलं. पाणी लाल आलं तवा तं बोलाचं कामच नव्हतं."

"आणि तरी तुम्ही रोज पूजा केली? लोखंडाच्या दगडाची?"

"दगडाची कोण करते? मी रोज सकाळी त्याले म्हणतो, ये बाबा, बस. त्याले बसाले काही तरी लागते. पाहुणा पाटावर बसला म्हणून पाटच पाहुणा होते काय? पाट हरवला, तू दुसरा आणला. चांगलं केलं."

रोशनीनं मान हलवली, तिला तिचं उत्तर मिळालं असावं. मला माझं मिळालं नव्हतं.

"मग तुमचा पाय?"

"ब्रेक नव्हते सायकलले!" बाबा ओरडलेच. "तुही आई आठ दिवसापासून ओरडून राहिली होती, का ब्रेक लावून घ्या, ब्रेक लावून घ्या. देव काय फोरमन आहे, कोण चुकलं थे पाहून त्याच्या बापाले लंगडा कराले?"

मला हसूही आलं आणि रागही आला. एवढं सगळं माहीत असून हा माणूस पंचेचाळीस वर्षं गप्प बसला! तेच विचारलं. "तुम्ही बोलले कावून नाही?"

बाबांनी दगड मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "वाट पाह्यली. म्हटलं, पोरगी आपल्या तोंडानं येऊन सांगन. मग पाय मोडला, त्या भानगडीत राहून गेलं. मले वाटलं तू विसरली. सोमवार करते तं मले वाटे पोट्टीले भक्तीची गोडी लागली. चार लोकायले सांगत फिरलो मी, माही मनू अशी, माही मनू तशी." त्यांनी दगडावरून अंगठा फिरवला. "आन् तू भेवानं उपाशी राहत होती. एक शब्द बोललो असतो तं जेवली असती तू."

"साबुदाणा खात होते हो, बाबा," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी आई गेली तेव्हाच पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशीच.

"भूमिका, ताट आण," ते म्हणाले.

"बाबा, अजून अकरा नाही वाजले. आन् ताईचा सोमवार..."

"आण म्हणतो ना."

वरणभात आला, वर वांग्याची भाजी. बाबांनी भात कालवला, घास केला आणि माझ्या तोंडापुढे धरला. खरं सांगते, तोंड उघडताना मी भिंतीला टेकून बसलेल्या परागकडे, रोशनीकडे, सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, कुणाला काही होत तर नाही ना म्हणून. कुणाला काही झालं नाही. भात गरम होता, मीठ थोडं जास्त होतं, आणि सोमवारच्या दिवशी वरणभात इतका चांगला लागतो हे मला ठाऊकच नव्हतं.

महादेव आता गोंदियात माझ्याकडे आहे. जवळून आंघोळ घालते, तीर्थ अजून तांबूस येतं. गल्लीतल्या बायकांना मी सोमवार सोडल्याचं कळलं तेव्हा दोघीतिघींनी माझी तब्येत विचारली. आणि दर सोमवारी दुपारी एक वाजता वैशाली नगरातून फोन येतो.

"जेवली काय, पोरी?"

मी हो म्हटल्याशिवाय ते स्वतःच्या ताटाला हात लावत नाहीत.