वाऱ्याकडे तोंड

हाल्वरने स्कीची काठी बर्फात खुपसली, काळ्या धोंड्यावर हात टेकला आणि दर ईस्टरला म्हणायचा तेच म्हणाला.

"इथं तुझ्या आजीनं कच खाल्ली."

इल्वा हसली. तेरा वर्षांच्या पोरीला तो विनोद वाटायचा. तिची आई टोरुन हसली नाही.

"बेचाळीस ईस्टर मी स्कारनूटच्या माथ्यावर गेलो," म्हातारा नातीला सांगत होता. "वरच्या वहीत बेचाळीस सह्या आहेत माझ्या. आणि तुझी आजी, बोर्गहिल्ड? या धोंड्यापुढं एक पाऊल नाही. बर्फात खड्डा खणायचा आणि ऊन खात बसायचं."

बोर्गहिल्ड नोव्हेंबरात गेली होती. तिच्याशिवायचा हा पहिलाच ईस्टर. हाल्वरचा गुडघा कामातून गेला होता, डॉक्टर नको म्हणाले होते, तरी टोरुन त्याला घेऊन आली होती. सहीसाठी नव्हे. बापानं एकदा, निदान आज तरी, आईबद्दल धड बोलावं म्हणून.

"कच खाल्ली?" तिनं पाठीवरची पिशवी दाणकन खाली टाकली. "संत्री कुणाच्या पाठीवर असायची, बाबा? कॉफी, सॉसेज, सरपण, बसायचं कातडं, फावडं? तुम्ही मोकळ्या पाठीनं वर जायचात, मोठे बहाद्दर! खाली आलात की तयार जेवायचात आणि वर तिचीच टिंगल करायचात. आयविन आणि मी, आम्ही भावंडंही हसायचो. लाज वाटते मला. ती गेली, पण तुमचा विनोद काही मरत नाही."

इल्वा बुटाच्या टोकानं बर्फ उकरत राहिली.  हाल्वरनं नाक पुसलं, टोरुनच्या पिशवीला बांधलेलं फावडं सोडवलं आणि धोंड्याच्या बाजूला खणायला लागला.

टोरुन बघत होती. मग तिला राहवेना.

"उलटं खणताय. भिंत वाऱ्याकडे हवी, तोंड उन्हाकडे. माथ्याकडे तोंड करून बसलात तर वारा कानशिलं फोडून काढेल. लहान पोरालाही कळतं."

"तुझी आई असंच खणायची."

"काहीतरीच. आम्ही खाली यायचो तेव्हा उन्हाकडे तोंड करून बसायचो. मला चांगलं आठवतंय."

"तो दुसरा खड्डा." हाल्वर फावड्यावर रेलून धापा टाकत होता. "आपण उतरायला लागलो की मग ती तो खणायची. आपल्यासाठी. पहिला तिचा. हा असा."

टोरुनला आठवलं. शेजारी खरंच एक खड्डा असायचा, वाऱ्यानं आणलेल्या बर्फानं अर्धा भरलेला. त्यात ती दोघं भावंडं संत्र्याच्या साली टाकत. आईला खणायला जमलं नाही म्हणून अर्धवट सोडलाय, असं तिला वाटे.

"इथून सगळी धार दिसते," तो म्हणाला. "कडा, पाय पडला की कोसळणारी ती बर्फाची झालर, माथा, सगळं. तुम्हा दोघांना पहिल्यांदा वर नेलं तेव्हापासून ती अशीच बसली. आपण माथ्यावर उभे राहिलो की फावडं वर करायची. एकेका डोक्याला एकदा. तीन वेळा झालं की मी वही उघडायचो. तू धावायचीस सही करायला, आणि मी तुझी कॉलर धरून ठेवायचो."

कॉलर तिला आठवत होती. बाबा देखावा बघतायत, असंच तिला वाटत आलं होतं. खाली आई फावडं हलवते तेही दिसायचं. टाटा करतेय, एवढंच.

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"तिनं बजावलं होतं. आई भितेय हे पोरांना कळलं तर पोरंही भितील. ऊन खाते म्हणून सांगा, म्हणाली." त्यानं फावड्याचा बर्फ बुटावर आपटून झाडला. "मी सांगत गेलो. चेष्टा करत गेलो. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं, टोरुन. माणूस इतका गाढव असतो."

तो पुन्हा खणायला लागला.

खड्डा झाल्यावर त्यानं कातडं अंथरलं आणि दुखरा पाय लांब करून बसला. तोंड वाऱ्याकडे.

"मीपण थांबू का, आजोबा?" इल्वानं विचारलं.

"तू कशाला? तुम्ही वर नाही गेलात तर मी इथं काय बघू? पळा. आणि टोरुन, माझं नाव लिहू नकोस. मी आलेलो नाही."

दोघी निघाल्या. शेवटच्या चढावर स्की काढून बुटांनी पायऱ्या मारत जावं लागलं. माथ्यावर दगडांच्या राशीत पत्र्याची पेटी होती, तिच्यावर बर्फ धरलेला. इल्वा धावली. टोरुननं तिची कॉलर पकडली.

"काय गं!"

"थांब. खाली बघ."

खूप खाली काळा धोंडा होता, त्याला लागून एक ठिपका. ठिपका उभा राहिला. फावडं वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं, खाली आलं.

"दोन! झालं, सोड आता."

टोरुननं कॉलर सोडली नाही. ठिपका अजून उभाच होता. मग फावडं तिसऱ्यांदा वर गेलं, आणि या वेळी बराच वेळ वरच राहिलं.

"आजोबा चुकले," इल्वा म्हणाली. "आपण दोघीच आहोत."

टोरुननं दातांनी हातमोजा ओढून काढला. पेटीचं झाकण गोठलं होतं. दोन बुक्क्या मारल्यावर उघडलं, आत वही होती. तिनं आधी इल्वाचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. पेन थंडीनं चालेनासं झालं, तशी टोकावर फुंकर घालून तिनं ते खालच्या ओळीवर टेकवलं.

"अगं, आजोबांचं नको म्हणालेत ना ते!"

"माहीत आहे," टोरुन म्हणाली आणि आईचं नाव लिहू लागली.