जॅकवर उचललेली गाडी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दुपारी दवाखान्याबाहेर गाडीचं पुढचं चाक पंक्चर होऊन बसलेलं दिसलं. सासूबाईंना परक्याच्या तोंडून कळण्याआधी घर गाठायचं होतं. मी घाईने जॅक लावायला वाकलो.

"थांबा बाबा," लेक म्हणाली. "आधी हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. आई म्हणायची, तुझ्या बाबांना ना तोंडाला धीर, ना हाताला."

तिने जॅक गाडीच्या कडेला असलेल्या खाचेखाली नेमका बसवला आणि दांडा फिरवू लागली. वीतभर लोखंडावर एवढी गाडी सावकाश वर आली. बायकोने तिला हे कधी शिकवलं, मला ठाऊक नव्हतं.

चाक बदलून झालं. सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं; तेही असंच, आधी आधार लावून, सावकाश.