लाडकी गर्ट्रूड

आमच्या मिशिगनात शाळेची रोबोट टीम म्हणजे काय प्रकरण असतं, ते हॅल्वरसन कोचना विचारा. पोटच्या पोरांचे वाढदिवस विसरतील, पण टीमच्या प्रत्येक बॅटरीचं बारसं जातीने करतील. त्यात गर्ट्रूड सगळ्यांत जुनी. तिच्यावर एकदा जिल्ह्याची स्पर्धा जिंकली, तेव्हापासून बाद फेरीत तीच बसवायची, असा आमच्याकडे दंडक. नव्याकोऱ्या बॅटऱ्या बसतात हातगाडीवर झोपा काढत.

रोबोट चालवायची माझी मैत्रीण विनी कोवाल्चिक. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. फायनलमध्ये चालवायची एवढी एकच संधी उरली होती, आणि तिला ती हवी होती. यंदाच्या स्पर्धेत बाद फेरीआधी ती कोचकडे गेली.

"कोच, गर्ट्रूड नको ना. जोर लावला की मान टाकते."

कोचनी बॅटरीला मीटर लावला. "बारा पॉइंट आठ व्होल्ट! बघ, ठणठणीत आहे म्हातारी."

"नुसती बसलीय म्हणून. सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की व्होल्टेज धाडकन पडतं. मग रोबोट स्वतःच मोटारी बंद करतो."

"मीटर खोटं बोलतो का, विनी?"

नाही हो बोलत. पण सोफ्यावर बसलेल्याला दम लागत नाही, एवढं तरी मोठ्या माणसाला कळावं की नाही!

शेवटी गर्ट्रूडच बसली. विनी तिला सांभाळून घेत खेळली. वेग हळूहळू वाढवायचा, समोरच्या रोबोटशी ढकलाढकलीत पडायचं नाही, लांबून वळसा घालून गुणांचे चेंडू उचलायचे. अशी ती आम्हाला थेट फायनलपर्यंत घेऊन गेली.

"अगं, चालवतेस की फिरायला नेतेस?" राखीव ड्रायव्हर ब्रॉडी सगळ्यांसमोर खिदळला. माझ्या हातात पाना होता. कसा आवरला, माझं मला माहीत.

कोचनाही ते पटलं. "फायनलला धडाका हवा. ब्रॉडी चालवेल."

विनीचा चेहरा उतरला. तरी रिमोट त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "एकदम जोर नको लावूस रे. तिला झेपत नाही."

"बरं आजीबाई!"

शिट्टी वाजली. ब्रॉडी सुसाट सुटला आणि समोरच्या दांडगट रोबोटला जाऊन भिडला. सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. आमचा रोबोट थरथरला, दिवा मिणमिणला, चाकं थांबली. पुन्हा जोर, पुन्हा थरथर, पुन्हा ठप्प. समोरच्यांनी त्याला सुपरमार्केटातल्या ढकलगाडीसारखा कडेला नेऊन ठेवला आणि निवांत गुण लुटले.

हरलो. आता तरी डोळे उघडतील, असं मला वाटलं. कसले उघडतात! कोचनी ब्रॉडीची पाठ थोपटली. "काय खेळलास! बॅटरीने दगा दिला, तू काय करणार?" मग गर्ट्रूडकडे हळहळून पाहिलं. "विनीने आधीच्या सामन्यांत फार दमवली बिचारीला. एवढे वळसे कशाला घालायचे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ओरडले, "अहो, तिने सांगितलं होतं तुम्हाला!" कोच म्हणाले, "आपण एक टीम आहोत. दोष देत बसायचं नाही."

परतीच्या बसमध्ये विनी माझ्याशेजारी बसली होती. अर्ध्या वाटेवर ती रडायलाच लागली.

"फायनल मी खेळलेच नाही गं," ती म्हणाली, "आणि हरले मात्र मीच."